गाठीतला रंग

वर्षश्राद्धाला मांडायला इंद्रभानकडे बायकोचा, मंजुळाचा, एकच फोटो होता. लोणारला तळ्याच्या काठावर काढलेला. भिंतीच्या ओलीनं तो खालून खराब झाला होता. तोंड शाबूत, लुगडं मात्र राखेसारखं.

जानेफळातल्या फोटोच्या दुकानात दीपमालानं तो कॉम्प्युटरवर घेतला.

"काका, उजेड-सावली टिकून हाय, रंग तेवढा गेला. मी खऱ्या रंगाचा एक ठिपका देतो. मंग कॉम्प्युटर शेजारचे ठिपके ताडून पाह्यते. उजेड सारखा असला का तोच रंग पुढं नेते, एकदम बदलला का थांबते. कोन्या रंगाचं व्हतं लुगडं?"

"हिरवं."

तिनं पदरावर ठिपका दिला. हिरवा रंग निऱ्यांमधून खाली उतरला, वर गळ्याशी येऊन थांबला. इंद्रभान खुर्चीवरून उठलाच.

"पुसून टाक, माय. हे तर तिले नेताना नेसवलं व्हतं."

सवाष्ण गेली म्हणून बायांनी तिला हिरवं नेसवलं, मळवट भरला. त्यानं ते एकदाच पाहिलं, आणि आधीचं सगळं त्याखाली दडपून गेलं.

"मंग हे कोनतं?"

"ध्यानात नाही."

"काय काका! बायकोचं लुगडं ध्यानात नाही?"

"तेबी हेच म्हने. 'तुमाले बैलाच्या झुलीचा रंग सांगता येते, माह्या लुगड्याचा नाही.'"

दीपमाला हसली. "एखादी चिंधी असंन तर आना. तेवढी पुरते."

चिंधी होती. रोही, म्हणजे नीलगायी, हरभऱ्यात शिरू नयेत म्हणून मंजुळानंच ते लुगडं फाडून शेताच्या कडेनं खांबांना बांधलं होतं. पण उन्हानं सगळं पांढरं पडलेलं. तो खांबाखांबाशी जाऊन पाहत राहिला. शेवटी हात गाठीवर थांबला. गाठीच्या आत ऊन पोचलं नसेल.

गाठ तिची होती. दुहेरी, पाय लावून ओढलेली. इंद्रभान बराच वेळ नुसता उभा राहिला. मग दातांनी सोडली. आत डाळिंबी रंग होता, कालच नेसल्यासारखा.

वर्षश्राद्धाला फोटो पाहून बाया म्हणाल्या, "मंजुळाच बसली जशी."

दुसऱ्या दिवशी तो चिंधी घेऊन शेतात गेला. खांबाला दुहेरी गाठ मारली, पाय लावून ओढली. वारा आला की सुटायची. पुन्हा मारली. तिच्यासारखी बसेना.