सतरा नंबरच्या प्लॉटवरची हरकत

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बोटभर सूचना आली होती. सेक्टरमधल्या भूखंड क्रमांक सतरावर अग्निशमन केंद्र बांधायचे आहे, कोणाच्या हरकती किंवा सूचना असतील तर तीस दिवसांत लेखी कळवाव्यात. शुभांकुर सोसायटीचे चेअरमन रणजीत यांनी सकाळी तिचा फोटो ग्रुपवर टाकला. दुपारच्या जेवणापर्यंत दीडशे मेसेज येऊन पडले.

खारघरच्या डोंगराकडच्या टोकाला असलेल्या या सोसायटीसमोरचा तो प्लॉट दहा वर्षे रिकामा होता. रिकामा म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात अर्ध्या भागात सोसायटीच्या गाड्या लागत, गणपतीत मंडप पडे, आणि रस्त्याकडच्या कोपऱ्यात पाच झाडांची बाग होती. दोन कडुलिंब, एक करंज, एक बकुळ आणि एक रामफळ. ही झाडे नंदिनीने लावली होती. घरातून पाण्याचे कॅन भाजीच्या ट्रॉलीवर घालून ती न्यायची.

नंदिनीला जाऊन चौदा महिने झाले होते. तिचे यजमान सुधीर सामंत सोसायटीचे सेक्रेटरी. आता रोज संध्याकाळी ट्रॉली ते न्यायचे. घरात दुसरे काम असे उरलेच नव्हते.

रविवारी क्लबहाउसमध्ये मीटिंग भरली.

"काका, चोवीस तास सायरन!" रणजीत म्हणाले. "रीसेलला इथे कोण येणार? रेट पडले म्हणून समजा."

"आणि गाड्या कुठे लावायच्या?" चौथ्या मजल्यावरच्या सुचिताताईंनी विचारले. "माझ्या डोक्यावर?"

"अग्निशमन केंद्र नको असं कोणी म्हणत नाही," मागून कोणीतरी बोलले. "हवंच. पण इथेच कशाला? पुढच्या सेक्टरला करा ना."

या वाक्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. हरकतीचे पत्र तिथेच तयार झाले. पहिले कारण आवाज, दुसरे रहदारी, तिसरे मुलांची सुरक्षितता. चौथे कारण रणजीत यांनी सुचवले. 'आमच्या संकुलात स्वतःची सुसज्ज अग्निशमन यंत्रणा आहे, त्यामुळे केंद्राची आवश्यकता नाही.'

सुधीररावांनी पत्रावर पहिली सही केली.

ते वजनमापे खात्यात चौतीस वर्षे निरीक्षक होते. एपीएमसी मार्केटातल्या कांद्याच्या गाळ्यांपासून धान्याच्या गोदामापर्यंत किती काटे त्यांनी तपासले, याची गणती नाही. स्वतः वजने ठेवून पाहिल्याशिवाय एकाही काट्यावर त्यांनी शिक्का मारला नव्हता. व्यापारी वैतागत, वरिष्ठ हसत, पण त्यांचे 'आधी दाखवा' सुटले नाही. अशा माणसाने त्या चौथ्या कारणावर काहीही न पाहता सही केली. कारण त्यांना पाचवेच कारण राखायचे होते, आणि ते पत्रात कुठेच लिहिलेले नव्हते. बाग गेली तर संध्याकाळी जायचे कुठे?

"गावातल्याही सह्या घ्या काका," रणजीत म्हणाले. "लोकल माणसाची हरकत असली की ऑफिसात ऐकतात. त्या गोजराबाईंशी काकूंची ओळख होती ना?"

नाल्यापलीकडे जुने आगरी गाव आहे. सतरा नंबरचा प्लॉट म्हणजे एके काळची गोजराबाईंची भातखाचरे. आता त्यांचे चार मजली घर आहे, खोल्या भाड्याने दिलेल्या. सत्तरीच्या गोजराबाई ओट्यावर सुकटीतला कचरा निवडत बसल्या होत्या.

"या सायेब. बसा. अंगाला मात्र सुकटीचा वास येनार हां, आधीच सांगते."

"चालेल हो. एक सही हवी होती."

"मना लिवता-वाचता नाय येत. तुमीच वाचा. जोरान वाचा, कान बी गेलेत."

सुधीररावांनी पत्र मोठ्याने वाचले. चौथ्या कारणाशी बाईंनी हात थांबवला.

"ती यंत्रना का काय बोललात, ती काय असते?"

"प्रत्येक मजल्यावर लाल पेटी असते. आत नळी. आग लागली की त्यातून पाणी मारायचं."

"येतं पानी?"

"येत असणारच. दर सहा महिन्यांनी सर्टिफिकेट येतं."

"तुमी बघितलंत?"

सुधीररावांनी पत्राची घडी घातली.

"नंदिनी सांगायची, आमचे हे दारावरच्या भाजीवाल्याचा काटासुदा उलटा करून बगतात, लाज आनतात!" गोजराबाई हसल्या. मग त्यांनी सूप बाजूला ठेवले. "जावा, बगून या. पानी आलं तं मी अंगठा देते."

सुधीररावांना राग आला. पण मागणी त्यांच्याच धंद्यातली होती, नाही कसे म्हणणार? सोसायटीत येताच त्यांनी वॉचमन मिथुनला बरोबर घेतले. नांदेडकडचा मिथुन चार वर्षांपासून गेटवर होता. माणूस कमी बोलणारा.

चौथ्या मजल्यावरची लाल पेटी उघडली. आत झाडू, रांगोळीच्या पिशव्या आणि दिव्यांची माळ. नळी होती, पण तिच्या टोकाचे पितळी नोझल नव्हते.

"कधी गेलं हे?"

"लई दिस झाले साहेब. पितळ होतं ना. एक पण राहिलं नाही."

"असू दे. पाणी सोड."

मिथुनने व्हॉल्व्ह फिरवला. नळी तशीच पडून राहिली. थेंबसुद्धा नाही!

"पंप बंद आहे साहेब. दोन वर्षं झाली."

"कोणी बंद केला?"

मिथुनने खाली पाहिले. "कमिटीनं. टेस्टिंगला आवाज होतो म्हणून पहिल्या मजल्यावरून तक्रार आलती. तुमचीच सही हाय त्या कागदावर."

आग लागली तर रहिवाशांनी जमायची मोकळी जागा सातव्या मजल्यावर असते, तिला कुलूप होते. जाळीतून दोन कपाटे, एक पाळणा आणि रणजीत यांची ट्रेडमिल दिसत होती. सुधीरराव एकेक मजला पाहत बाराव्यापर्यंत चढले. त्यांच्या हातातल्या पत्रावर दोनशे दहा कुटुंबांच्या सह्या होत्या आणि सगळ्या इमारतींत मिळून बादलीभर पाण्याची सोय नव्हती!

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा नाल्यापलीकडे गेले.

"पाणी नाही आलं," त्यांनी सांगून टाकले.

गोजराबाईंनी चहा पुढे केला. टोमणा मारला नाही.

"इकडं या," त्या म्हणाल्या आणि त्यांना घराच्या मागच्या बाजूला घेऊन गेल्या. तळमजल्यावरच्या एका खोलीची भिंत नव्याने रंगवलेली होती, पण वरची कड अजून काळी होती. "गेल्या दिवालीच्या आधी, सकाली धा वाजता गॅसच्या नलीन पेट घेतला. आमी बादल्या मारून मारून दमलो. फोन लगेच केलेला. बंब आला तो पाऊन तासान. त्या पोरांचा दोष नाय, सायेब. लांबून आली, जीव तोडून आली. पन वैजयंती तवर गेली. ब्लाउज शिवायची. माझे दोन तिच्याकडंच होते."

"कोण वैजयंती?"

बाईंनी त्यांच्याकडे नवलाने पाहिले.

"तुमच्या मिथुनची बायको. तुमाला माहीत नाय?"

सुधीरराव भिंतीशी उभे राहिले. दिवाळीच्या आधी मिथुन आठ दिवस नव्हता. हजेरीपुस्तकात 'रजा, घरगुती कारण' असे लिहून खाली सही त्यांनीच केली होती. नंदिनी गेली तेव्हा सोसायटीतल्या प्रत्येक घरातून कोणी ना कोणी येऊन बसले होते. पंधरा दिवस डबे येत होते. गेटवरचा मिथुनही आला होता, दाराबाहेर चपला काढून उभा राहिला होता.

"ती जमीन सरकारान घेतली तवा माझे मालक रडले," गोजराबाई म्हणाल्या. "आमाला सांगितलं, लोकांच्या कामासाठी पायजे. लोकांच्या कामाला दिली मी. तुमच्या गाड्या ठेवाला नाय दिली."

"आणि बाग?" सुधीररावांच्या तोंडून निघून गेले.

"ती लावताना मी नंदिनीला बोललेली, बाय, हितं बंबाचं स्टेशन व्हनार असं सगले बोलतात, कशाला मरतेस? ती काय बोलली माहीत हाय? 'तोवर सावली तर होईल.'"

सुधीररावांना हे ठाऊक नव्हते.

परतताना ते गेटवर थांबले.

"मिथुन, तू सांगितलं का नाहीस रे?"

"एजन्सीच्या सुपरवायजरला सांगितलं होतं साहेब. त्यानं बदली माणूस धाडला." थोडा थांबून तो म्हणाला, "आणि तुमचं तर नुकतंच झालं होतं. तुमाला काय सांगू?"

सुधीररावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोघांच्याही बायका गेलेल्या. पण एकीच्या आजारापुढे डॉक्टरांनीच हात टेकले होते, आणि दुसरी पाऊण तासाच्या अंतरामुळे गेली होती. हा फरक त्यांना आता टाळता येईना.

त्याच आठवड्यात त्यांनी मीटिंग बोलावली. क्लबहाउसमध्ये नाही, चौथ्या मजल्यावर, त्या लाल पेटीसमोर. व्हॉल्व्ह सगळ्यांदेखत फिरवला. मग मिथुनच्या घरचे सांगितले.

"वाईट झालं," रणजीत म्हणाले. "पण काका, इमोशनल होऊन चालत नाही. पंप आपण रिपेअर करू. स्टेशन कशाला?"

"पंप करूच. पण नाल्यापलीकडे पंप कुठला? आणि आपल्याकडे बाराव्या मजल्यावर धूर भरला तर कोण चढणार? तुम्ही की मी? रणजीत, आपण सगळे म्हणतो, हवं पण इथे नको. पुढच्या सेक्टरचे लोकही हेच म्हणतील. त्याच्या पुढचेही. मग ते उभं राहणार कुठे?"

"आणि गाड्या?"

"गाडी दोन गल्ल्या लांब लावली तर पाच मिनिटं चालावं लागेल. बंब लांब असला तर काय होतं, ते आत्ता ऐकलंत."

"तुमची बाग जाईल, काका," रणजीत हळूच म्हणाले. "आम्ही सगळे तीच वाचवतोय असं मला वाटत होतं."

"जाईल," सुधीरराव म्हणाले. मग त्यांनी खिशातून कागद काढला. "मी माझी हरकत मागे घेतोय. खोट्या कागदावर मी सही केली होती. तुमचं तुम्ही ठरवा."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुचिताताई पुढे आल्या, पेटीतली रांगोळीची पिशवी उचलून म्हणाल्या, "ही माझीच," आणि त्यांनी कागदावर सही केली. त्या दिवशी एकोणसत्तर सह्या झाल्या. उरलेल्यांकडे सुधीरराव दारोदार गेले. काहींनी चहा दिला, काहींनी दार लावून घेतले. शेवटच्या दिवशी रणजीत स्वतः आले. "ट्रेडमिल काढलीय," एवढेच बोलून त्यांनी सही केली.

सुनावणीला सुधीररावांनी गोजराबाईंना आणि मिथुनला बरोबर नेले. अधिकाऱ्यांनी विचारले, "यांची काय हरकत आहे?"

"यांची हरकत नाही, सूचना आहे," सुधीरराव म्हणाले. "आधी यांचं ऐका."

मिथुन उठला. "साहेब, आमच्या गल्लीत मोठी गाडी शिरत नाही. लहान गाडी पण ठेवा." तो खाली बसला. अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतले.

आज सतरा नंबरच्या प्लॉटवर पायाचे काम चालू आहे. कडेची बकुळ तेवढी राहिली, बाकीची झाडे गेली. शुभांकुरचा पंप दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चालवला जातो, आवाज होतो आणि कोणी तक्रार करत नाही. पाणी आलेले पाहिल्यावरच सुधीरराव सही करतात. रविवारी संध्याकाळी ते नाल्यापलीकडे मिथुनच्या खोलीवर जातात. दोघे चहा पितात, फार बोलत नाहीत.

नागरिकहो, आपल्या सेक्टरमध्येही उद्या अशी एखादी सूचना निघेल. अग्निशमन केंद्राची असेल, दवाखान्याची असेल, नाहीतर कचरा वेगळा करण्याच्या शेडची. 'हवं, पण इथे नको' हे आपल्या तोंडून सहज जाते. ते लिहून खाली सही करण्याआधी एवढेच विचारावे, की आपण ज्याला लांब ढकलतो आहोत, ते कोणाच्या दारी उशिरा पोहोचणार आहे? तो माणूस बहुधा आपल्या ओळखीचाच असतो. आपण त्याची चौकशी केलेली नसते, इतकेच.