गव्हातले गोल

नवरा-बायको एकाच कामाला जुंपलेले असले की घरातली भांडणंही त्या कामाचीच होतात. विमानातून काढलेले शेतांचे फोटो बघायचे आणि पिकाखाली काय गाडलं गेलंय ते सांगायचं, हा दोघांचा धंदा. बुजलेल्या जुन्या खंदकातली माती ओल धरून ठेवते, तिच्यावरचं पीक जास्त हिरवं राहतं आणि वरून पाहिलं की गव्हात रेघ उमटते. पण ती रेघ कधी खंदकाची असते, तर कधी परवाच्या ट्रॅक्टरची. त्याला जिथे तिथे प्राचीन गावं दिसायची, तिला जिथे तिथे ट्रॅक्टर. तो अहवालात बेधडक 'पक्कं' लिहायचा, ती मागाहून 'शंकास्पद' करायची.

त्या दिवशी नवऱ्याची स्वारी आनंदाने हवेतच होती. नदीकाठच्या प्रत्येक शेतात त्याला गोल खंदक सापडला होता, जुन्या काळी थडग्याभोवती खणत तसा. "अगं, अख्खी दफनभूमी आहे! निवृत्त होता होता नाव निघेल माझं." अहवाल उद्या जायचा होता. फक्त तिची सही बाकी होती.

तिला एकही गोल दिसेना. तिने भिंग पुसलं, फोटो खिडकीशी नेले. गहू, नुसता गहू. तो मात्र दर फोटोत न चुकता बोट ठेवत होता. सही करून मोकळं व्हावं, एवढा आनंद कशाला मोडावा, असंही क्षणभर वाटून गेलं. मग तिने छपाईचा एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला.

"आणि इथे?"

"इथेही आहे की," तो म्हणाला आणि कागद उलटून पाहू लागला.

तिने त्याचा उजवा डोळा झाकला, गोल गेला. हात काढून डावा झाकला, गोल परत आला.

"अहो, तो शेतात नाहीये," ती हळूच म्हणाली. "तुमच्या डोळ्यात आहे."

त्याने कागद खाली ठेवला. मग मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे तुझ्या चेहऱ्यावरची ही सावली... तीही नाही?"

"कसली सावली?"

"महिनाभर दिसतेय. मला वाटलं, तुला काहीतरी झालंय आणि तू लपवतेयस."

"मग विचारायचं नाही का, भल्या माणसा?"

"पक्कं नव्हतं," तो म्हणाला. "आणि पक्कं निघेल म्हणून घाबरत होतो."

आयुष्यभर कशालाही 'पक्कं' म्हणणारा हा माणूस तिच्या चेहऱ्यापाशी महिनाभर अडून बसला होता. तिला एकदम भरून आलं. खुर्ची ओढून ती त्याच्या अगदी जवळ बसली, त्याचा हात घेऊन स्वतःच्या गालावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.