दाराशी ठेवलेला गोळा

भूकंपात चौकट वाकली की दार अडकतं आणि आतलं माणूस आतच राहतं, असं कश्मिरानं जपानात आल्या आल्या कुठंतरी वाचलं. तेव्हापासून लेकीच्या, चैत्रालीच्या खोलीचं दार तिनं रात्री कधी लागू दिलं नाही. कपाटं भिंतीला जखडलेली, उशाशी हेल्मेटं, बाहेरच्या दाराजवळ पाणी आणि बिस्किटं भरलेली पिशवी. तिचा नवरा सौमित्र म्हणायचा, "आपल्या हिगाशी-कसाईत भूकंप आधी तुझी परवानगी काढूनच येईल." ती हसायची आणि गॅस पुन्हा एकदा बघून यायची.

खोलीच्या दाराला टेकण म्हणून तिनं ठेवला होता सासरचा पितळी तोफगोळा. हातभर उंच, मनगटाएवढा जाड, खाली सपाट, वर निमुळता. पुण्याहून सामान बोटीनं आलं तेव्हा समई आणि पराती यांच्यामध्ये तोही गुंडाळून आला होता. रोज झोपायच्या आधी ती पायानं तो दाराशी नीट सरकवायची.

परवा सासरे आले, पंढरीनाथ. त्यांनी पहिल्याच दिवशी तो पाहिला.

"अगं, साहेबांचा गोळा तू दाराला लावलास?"

"तुमच्या नातीची राखण करतोय बाबा. पुण्यात नुसता देवघरात उभा होता."

"बरं, म्हाताऱ्याला नोकरी लागली म्हणायची."

आज खंडेनवमी. काल संध्याकाळी चिंच लावून तिनं गोळा लखलखीत केला होता. बाबांनी बैठ्या टेबलावर पांढरं वस्त्र घालून विळी, सौमित्रचा जुना लॅपटॉप, चैत्रालीची कंपासपेटी आणि मधोमध गोळा मांडला. सौमित्र कावासाकीला ऑफिसात. कश्मिरानं निरांजन लावलं, सगळ्यांना ओवाळलं आणि हात गोळ्याकडे नेला, तर बाबांनी मध्ये तळवा धरला.

"याला दिवा नाही दाखवायचा. फक्त फूल."

"का?"

"सोवळं असतं त्याचं. माझे आजोबा विनायकराव यात फार कडक. दिवा जवळ नको, ऊन नको, आडवा करायचा नाही, पोरांनी शिवायचं नाही."

"मी शिवलेय," चैत्राली म्हणाली. ती सात वर्षांची. "बोलिंग खेळते ना मी त्याच्याशी. बॉल मारला की पडतो."

"हात जोड आधी," बाबा म्हणाले, आणि मांडी ठोकून त्यांनी गोष्ट सुरू केली.

विनायकराव पूर्वेकडच्या एका बंदरात इंग्रज कंपनीत कारकून होते. आठवडाभर खर्डेघाशी आणि रविवारी तोफा. कारकून, मास्तर, बँकेतले लोक मिळून स्वयंसेवकांची तोफखाना तुकडी होती. तिथल्या फौजेचा सेनापती म्हणजे 'साहेब'. तरुणपणी त्यानंच या तुकडीला तोफ शिकवली होती, म्हणून सेनापती झाल्यावरही रविवारी येऊन तो त्यांच्यात उभा राहून चहा प्यायचा. जपानशी युद्ध जवळ आलं. सरावात तोफेच्या धक्क्यानं विनायकरावांचा हात मोडला. त्यांना बोटीनं मुंबईला धाडायचं ठरलं, तेव्हा साहेब स्वतः इस्पितळात आला आणि तुकडीच्या साठ्यातला हा गोळा त्यांच्या उशाशी ठेवून म्हणाला, हा जपून ठेव, जिंकलो की आपण दोघं मिळून तोफेतून वाजवू.

"काय माणूस असेल," बाबा दर वर्षीसारखं म्हणाले. "सेनापती, आणि कारकुनाला असा शब्द दिला."

"मग जिंकले?" चैत्रालीनं विचारलं.

"शेवटी जिंकले गं. पण बंदर आधीच पडलं. साहेब कैदेत गेला, तिथून विलायतेला. पुन्हा भेट नाही."

"म्हणजे वाजवलाच नाही?"

बाबांनी गोळ्याकडे पाहिलं आणि ते मागे सरकले.

निरांजन कश्मिराच्या हातात जळत होतं. कॉलेजात ती एनसीसीत होती. रायफलच्या सरावानंतर मुली रिकामी काडतुसं वेचायच्या, उडालेल्या प्रत्येकाच्या बुडाला ठोका पडलेला असायचा. काल चिंच लावताना गोळ्याच्या बुडाची चकती तिनं बोटानं घासली होती. ती झिजलेल्या नाण्यासारखी गुळगुळीत होती, ठोका कुठंच नव्हता.

तिनं फुंकर मारली. तीही हळूच.

"बाबा, सोवळं नव्हतं ते."

"दिवा नको, ऊन नको..." ते पुटपुटले. "आडवा नको..."

"उठा. काही हलवू नका. चैतू, चपला नकोत, चल."

दाराजवळची पिशवी तिनं इतकी वर्षं जमीन हलेल या भीतीनं भरून ठेवली होती. ती तशीच राहिली. जिना उतरताना तिनं पोलिसांना फोन लावला, पण तोफगोळ्याला जपानी शब्दच आठवेना. तो चैत्रालीनं सांगितला, शाळेत शिकवलेला, शांतपणे.

इमारत रिकामी झाली. शेजारच्या म्हाताऱ्या आजी बागेत घडीच्या खुर्चीवर बसल्या आणि चैत्रालीच्या अनवाणी पायांवर त्यांनी आपला रुमाल घातला. कश्मिराला त्यांच्याकडे बघवेना. ज्या लोकांवर उडवायला तो गोळा भरला होता, त्यांच्याच डोक्यावर, नवव्या मजल्यावर, तिनं तो आणून ठेवला होता. आणि पोरीनं त्याला चेंडू मारले होते. किती वेळा, ते विचारायची तिची छाती झाली नाही.

लष्कराची माणसं जाड पोशाखात वर गेली आणि पेटी घेऊन फार सावकाश खाली आली. गाडी गेल्यावर एक पोलीस वहीसकट जवळ आला. नम्रपणे, जवळजवळ माफी मागत, म्हणाला, गोळा जिवंत होता. चौकशी होईल. मग त्यानं विचारलं, हा तुम्हाला कोणी दिला?

कश्मिरानं प्रश्न बाबांना मराठीत सांगितला.

"सांग त्याला, साहेबांनी..." ते थांबले. "नको. एका माणसानं दिला, म्हणावं. आमच्या आजोबांना नाही म्हणता आलं नाही."

"त्यांना माहीत होतं, बाबा?"

"होतं गं. नाहीतर एवढं सोवळं कशाला? आमच्या सगळ्यांचे पाळणे त्याच खोलीत टांगले होते."

संध्याकाळी सौमित्र आला. चैत्राली झोपल्यावर कश्मिरा गॅस बघून तिच्या खोलीशी आली आणि सवयीनं तिनं पाय पुढे सरकवला. पायाला काहीच लागलं नाही. दार आपोआप लागत आलं. तिनं ते धरलं आणि तिथंच उंबऱ्यात, दाराला पाठ लावून ती खाली बसली.