काकडीचे दोन ग्लास

धाकटीला बढती मिळाली म्हणून तिने दादा-वहिनीला रविवारी ब्रंचला बोलावलं. जागा तिनेच निवडली: जुन्या छापखान्याचं केलेलं रेस्टॉरंट, उघड्या विटांच्या भिंती, टेबलासाठी बाहेर उन्हात ताटकळणारी माणसं. दादाने दारू सोडून वर्ष उलटून गेलं होतं. तिने आधीच फोन करून बजावलं होतं, आमच्यातल्या एकाला सगळं बिनदारूचं द्या.

स्वतःसाठी काकडीचं, जिन घातलेलं कॉकटेल मागवताना ती घुटमळली. दादाच म्हणाला, "अगं घे की. माझ्यापायी तू कशाला संन्यास घेतेस?" मग त्याच्यासाठी तेच, पण जिनशिवाय. वहिनीने कॉफी सांगितली.

गर्दी एवढी होती की वेटरने दोन्ही ग्लास ठेवले आणि तो पुढच्या टेबलाकडे पळाला. धाकटीने एक घोट घेतला. नुसती काकडी, लिंबू आणि सोडा. जिन नव्हतीच.

तिने वर पाहिलं. दादाचा ग्लास अर्धा झाला होता. तो त्याने अगदी हळू खाली ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं.

"काय रे, आवडलं का?" पावाला लोणी लावत वहिनीने विचारलं.

"बरंय. जरा आंबट आहे."

हसत हसत ग्लास बदलता आले असते. पण उपचार घेऊन दादा घरी आला त्या दिवशी वहिनी त्याला सर्वांदेखत म्हणाली होती, "पुन्हा प्यायलास तर पोरीला घेऊन आईकडे जाईन. भांडणार नाही, नुसती जाईन." आणि वहिनी बोलायची ते करायची. धाकटीने आपल्या ग्लासातला आणखी एक घोट घेतला. दादाने ग्लास संपवला.

मग तो खुलला. धाकटी सायकल शिकताना शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांत कशी घुसली आणि गळ्यात कुणाची तरी विजार घेऊन घरी कशी आली, ते त्याने साभिनय सांगितलं. हसून हसून वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती दिवसांनी असा बोललास रे," ती म्हणाली आणि तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

दादाने वेटरला खूण केली. "हेच आणखी एक."

धाकटी हात धुवायचं निमित्त करून बारपाशी गेली. "त्या टेबलाच्या ग्लासात जिन नको."

"पहिल्यातही नव्हती, मॅडम," बारवाला म्हणाला.

"टेबलावर अदलाबदल झाली."

त्याचा चेहरा उतरला. "मॅनेजरला सांगू?"

"नको. कुणालाच सांगू नका."

दुसरा ग्लास आला. दादाने घोट घेतला आणि त्याचं बोलणं आटलं. त्याने धाकटीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, भीक होती. "आलोच," म्हणून तो उठला.

तो येईना. त्याच्या ताटलीतली अंडी गार झाली. वहिनीने मान वळवून पाहिलं. तो बारसमोर पाठमोरा उभा होता, आणि पाहता पाहता त्याने मान मागे टाकून ग्लास रिकामा केला.

वहिनीने दादाचा भरलेला ग्लास हुंगला. मग त्याचाच पहिला, रिकामा. त्याला जिनचा वास होता.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच घोटाला."

"ग्लास बदलले, ती चूक. कुणाच्याही हातून होते." वहिनीचा आवाज चढलेला नव्हता. "पण मी इथे खुळ्यासारखी हसत होते, आणि तुम्ही दोघं बहीण-भाऊ बघत होतात."

"वहिनी, थांब ना. मी समजावते त्याला."

"आज त्याला तुझ्याकडे ने. घरी आणू नकोस." पर्स उचलून ती त्याच्या पाठीमागूनच बाहेर पडली. दादाला ती बारमागच्या आरशात दिसली असणार. तो वळला नाही.

धाकटीने त्याला दंडाला धरून बाहेर आणलं. रांगेतल्या लोकांनी वाट दिली. तो फुटपाथच्या कडेला बसला.

"तू तेव्हाच बोलली असतीस तर मी ठेवला असता ग्लास," तो म्हणाला.

ते खरं की खोटं, तिला ठरवता येईना.

वहिनी पोरीला घेऊन आईकडे गेली. दादा धाकटीच्या सोफ्यावर राहू लागला. बाटल्या लपवायचंही त्याने सोडलं. सकाळी ती कामाला निघते तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. झोपलेला नाही, हे तिला कळतं. ती दार हळूच ओढून घेते.