वायलीचा खोकला

तिसऱ्यांदा गाणं अर्ध्यावर मोडलं. पाण्याच्या पिंपात दडवलेल्या मायक्रोफोनने पुन्हा कुणाचा तरी खोकला टिपला. ॲरिझोनाच्या भर उन्हात दिग्दर्शक हास्केल खुर्चीवरून ताडकन उठला.

"कोण खोकलं?"

मागे घोड्यांवर बसलेल्या बाराही स्वारांनी माना खाली घातल्या.

गाणाऱ्या नायिकेने, लिओनाने, तो खोकला झोपेतही ओळखला असता. सहा वर्षं तिने तो एकाच पांघरुणात ऐकला होता. मूकपटांच्या दिवसांत वायली प्रेविट नायक होता आणि ती त्याची बायको. त्याच्याच शब्दावर नायिका झालेली. एका चित्रणात कोठाराला खरीखुरी आग लावली होती. धुरात ती बेशुद्ध पडली, तेव्हा वायलीने तिला खांद्यावर टाकून बाहेर आणलं. धूर त्याच्या छातीत बसला तो बसलाच. पुढे बोलपट आले. तिचा गळा गोड निघाला, त्याचा घोगरा. तिने घटस्फोट घेतला. आता नायक होता न्यूयॉर्कहून आणलेला गायक डेनिंग. त्याला घोड्यावर धड बसता येईना, म्हणून लांबच्या दृश्यांत त्याचा कोट घालून वायली दौडायचा.

"वायली," लिओनाने नाव सांगून टाकलं.

वायलीने टोपी काढली. "घोटभर पाणी पितो, लिओना. थांबेल."

"मला मिस स्ट्रँड म्हणायचं. हास्केल, याला टेकडीपलीकडे धाडा. याची उबळ पाण्यानं थांबत नाही, मी भोगलंय."

डेनिंग फिदीफिदी हसला. वायलीने घोडा वळवला.

पुढच्या खेपेला गाणं झक्क झालं. मंडळी जेवायला बसली. जेवताना लिओनाला टेकडीपलीकडे उन्हात राहिलेल्या वायलीची आठवण झाली. पण डेनिंग रंगात येऊन किस्से सांगत होता, आणि ती उठली नाही.

ऊन कलल्यावर वायली आपणहून आला. ओठ फुटलेले, रुमाल रक्ताने लाल.

"झालं गाणं?"

"केव्हाच," हास्केल म्हणाला. "आणि उद्यापासून तू नकोस. मिस स्ट्रँडना तू आसपास चालत नाहीस."

वायलीने लिओनाकडे पाहिलं. ती आरशात ओठ रंगवत होती.

त्याने खोगीर उचललं. ट्रकपाशी त्याचा तोल गेला. दोघा स्वारांनी त्याला वर चढवलं. तो वळून बघेल म्हणून लिओनाने चेहऱ्यावर थोडं दुःख आणून ठेवलं होतं. ट्रक धूळ उडवत निघून गेला. तो वळला नाही.