मागणीचा पाव

रानवाटेच्या कमानीतून आत शिरल्यापासून कुणीच बोललं नव्हतं. धुकं झाडांच्या खोडांपर्यंत उतरलं होतं. ओल्या पाचोळ्यात हासिंताच्या नव्या बुटांच्या टाचा रुतत होत्या आणि हलका चुकचुकाट करत पुन्हा वर येत होत्या. तिच्या कमरेवर पावाची टोपली होती, वर भरतकामाचं फडकं. लिसांद्रो दोन पावलं पुढे होता. मध्येच तो थांबे, मागे वळे; आता काही बोलेल असं वाटेपर्यंत पुन्हा चालू लागे.

त्याच्या गप्प राहण्याचं कारण आपल्याला ठाऊक आहे, असं हासिंताला वाटत होतं. म्हणून तीही गप्प होती. झाडावर पिकत आलेल्या फळाला बोट लावू नये, तशी.

ही वाट तिच्या ओळखीची होती. कॉलेजनं आवारातलं हे जुनं जंगल राखलेलं होतं. चढ नाही, खळगे नाहीत, झाडाझाडापाशी नावाची पाटी. रविवारी गावकऱ्यांना तिथं फिरायची मोकळीक असे. बहीण, म्हणजे लिसांद्रोची आई, वारली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. आठवडाभर इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करून हासिंता रविवारी त्याला इथं आणी. तळ्याकाठच्या ओंडक्यावर बसून दोघं घरचा पाव खात. तो पाट्या मोठ्यानं वाची, ती चुकीच्या ठिकाणी मान डोलवी आणि तो हसून लोळण घेई. याच कॉलेजातून तो आता वनशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडणार होता.

गेल्या रविवारी तो म्हणाला होता, "मावशी, शनिवारी मागणीचा पाव कर. चांगले कपडे घाल. कॉलेजच्या रानवाटेनं जाऊ."

कुणाकडे, हे त्यानं सांगितलं नाही; तिनं विचारलं नाही. मागणीचा पाव एकाच कामासाठी भाजला जातो. इथल्या रिवाजानं पदवी घेणाऱ्या मुलाला धर्ममाता लागते. चर्चमध्ये त्याच्याशेजारी उभी राहणारी, त्याच्या बोटात अंगठी घालणारी, समारंभात त्याच्याबरोबर पहिला वॉल्ट्झ नाचणारी. आणि मग जन्मभर नात्यातली. तिला विचारायला रिकाम्या हातानं जात नाहीत. आणि लिसांद्रोला हासिंताखेरीज होतंच कोण? आपल्याच हातचा पाव तळ्याकाठी आपल्याच पुढ्यात धरून पोरगा विचारणार, हे तिनं पीठ मळता मळता ठरवून टाकलं होतं. बडीशेप जरा जास्तच पडली होती त्या भरात.

धुलाईघरात दुपारी यंत्रं थांबली की तिच्यासोबत काम करणारी चोले तिला नाच शिकवत असे. "एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. अगं, पाय उचल, फरशी पुसतेयस का? पोराच्या पायावर पडलीस तर पदवी लंगडत घ्यावी लागेल त्याला."

"तू तुझं वजन सांभाळ. मला ढकलतेस कशाला?"

आताही, या सपाट वाटेवर, तिची पावलं नकळत तिना-तिनात पडत होती.

"नवे बूट?" लिसांद्रोनं अखेर तोंड उघडलं.

"असेच. पाय बसायला हवेत ना त्यात."

"चावत असतील. तुला टाचांची सवय कुठाय?"

ती हसली. तळं दिसू लागलं होतं. ओंडका तिथंच होता, शेवाळानं हिरवा झालेला. तिनं टोपली कमरेवरून जरा सैल केली, फडक्याची गाठ चाचपली.

लिसांद्रो ओंडक्याला वळसा घालून पुढे गेला.

"अरे, बसायचं नाही?"

"परतताना बसू. मॅडम वाट बघत असतील."

"कुठल्या मॅडम?"

तो थांबला. पाण्यावर धुकं सरकत होतं आणि कुठलाच काठ पुरता दिसत नव्हता.

"मोन्तेरोस मॅडम. माझा प्रबंध ज्यांच्याकडे होता त्या. वाटेच्या त्या टोकाला प्राध्यापकांची घरं आहेत ना, तिथंच राहतात." तो एका दमात बोलला. "वनकेंद्रातली नोकरी त्यांच्या हातात आहे, मावशी. धर्मलेकाला कोण नाही म्हणणार? त्या झाल्या धर्ममाता, तर मला हे गाव सोडून कुठं जावं लागणार नाही."

टोपली अचानक जड झाली. आतल्या पावांची ऊब फडक्यातून तिच्या बरगडीला लागत होती.

"आणि मी?" तिनं विचारलं.

"तू तर घरचीच आहेस. घरच्या माणसाला कुणी मागणी घालतं का?"

त्याच्या म्हणण्यात खोट नव्हती. तेच तिला सोसेना.

"नाचणार पण त्यांच्याच बरोबर?"

"मग काय तुझ्याबरोबर?" तो मायेनं हसला. "तुला येतो कुठं नाच?"

ती बोटांनी फडक्याची गाठ सोडत, पुन्हा आवळत राहिली. धावण्याच्या सरावाला निघालेली दोन पोरं "नमस्कार काकू" म्हणत शेजारून गेली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. चालायला हवं होतं. उभं राहिलं की टाचा चिखलात खोल जात होत्या. ती चालू लागली. वाट वळली, झाडं विरळ झाली. पुढे हिरवं फाटक आणि फाटकामागे दिवा लागलेली एक खिडकी. बस थांब्याकडे जाणारी पायवाट इथूनच उजवीकडे फुटत होती. हासिंतानं एकदा तिकडे पाहिलं.

लिसांद्रो जवळ आला. त्यानं लहानपणी करायचा तसा ओठ दातांत धरला होता.

"मावशी, एक विचारू?"

"विचार."

"जुन्या रीतीत मागणी आईनं किंवा बापानं घालायची असते. मॅडम जुन्या वळणाच्या आहेत." त्यानं खाली पाहिलं. "आत गेल्यावर मी तुला आई म्हटलं तर चालेल ना? आजच्यापुरतं."

एवढ्या वर्षांत हा शब्द त्यांच्या घरात कुणी उच्चारला नव्हता. तो बहिणीच्या फोटोपाशी ठेवलेला होता. हासिंतानं त्याला कधी हात लावला नव्हता, नुसती धूळ पुसली होती.

"मावशी?"

टोपली घ्यायला त्यानं हात पुढे केला. तिनं ती या कमरेवरून त्या कमरेवर घेतली आणि त्याला मागे टाकून फाटकाच्या दिशेनं निघाली. पावलं आता तिना-तिनात पडत नव्हती. एकामागून एक, सारख्या अंतरावर, रोज सकाळी धुलाईघराकडे जाताना पडतात तशी ती पडत होती.