गाडी रिकामी परत करू नये

"काका, पिस्टनच्या रिंगा गेल्यात. लिहून देतो!" बॉनेट न उघडताच संग्रामने निकाल दिला. "एवढी जुनी गाडी, त्यात तुम्ही लक्ष देत नाही. काढा भंगारात."

अमेरिकेतल्या बॉथेलच्या मराठी मंडळात संग्रामचा हात धरणारा कुणी नव्हता. नोकरी सॉफ्टवेअरची, पण मंडळाच्या दर पॉटलक जेवणाला तो कुणाच्या तरी गाडीला कान लावून निदान करायचा. आजवर एकही गाडी उघडायची वेळ आली नव्हती, म्हणून एकही निदान चुकलं नव्हतं.

अरुणकाकांची ही सेडान त्यानेच मागच्या आठवड्यात मागून नेली होती. त्याची स्वतःची गाडी बॉडी शॉपमध्ये होती. परत आल्यापासून सेडान उचक्या देत होती आणि निळा धूर सोडत होती. संग्रामच्या शब्दावर विसंबून काकांनी भंगारवाल्याला बोलावलं. टो ट्रक दुपारी येणार होता.

"आमची राधिका हिच्यावरच ड्राइव्ह करायला शिकली रे," काका बॉनेटवरून हात फिरवत म्हणाले. "जाण्याआधी नक्की काय झालंय ते दाखव तरी."

दाखवणं भाग होतं. संग्रामने पहिला स्पार्क प्लग काढला. टोक काळंकुट्ट, ओलं, तेलाने चकचकीत.

"बघा! पेट्रोल जास्त झालं असतं तर कोरडी काजळी असती. हे तेल आहे, तेल!"

दुसराही तसाच. तिसराही. चौथाही.

"चारही एकदम?" काकांनी चष्मा वर केला. "चारही रिंगा काय ठरवून गेल्या?"

संग्रामने तेल मोजायची काठी ओढली. तेल वरच्या खुणेच्याही बरंच वर. त्याने काठी पुसून पुन्हा घातली. तेवढंच. परत पुसली. तेल काही लाजेकाजेस्तव उतरेना.

आणि मग त्याला आठवलं. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, निदान चमचाभर साखर तरी घालायची, असं आईने लहानपणापासून बजावलं होतं. गाडी परत करताना पेट्रोल काय, सगळेच भरतात. संग्रामने काठी न बघता इंजिन ऑइलचा अख्खा कॅन ओतला होता. त्या जादा तेलाचे शिंतोडे आता थेट प्लगांवर उडत होते.

आत्ता सांगून टाकावं, असं त्याला फार वाटलं. "हं," एवढं म्हणून त्याने काठी परत आत सारली.

तेवढ्यात शैलजाकाकू चहा घेऊन आल्या. "अहो, ह्याला रागावू नका हं! गाडी आणून दिली तेव्हा आपल्या हाताने डबाभर तेल घातलं ह्याने. म्हणाला, काकू, रिकामी कशी परत करू? हल्लीच्या मुलांत कोण एवढं करतं?"

संग्रामचे कान तापले. काकांनी काठीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"अख्खा डबा?"

"...हो काका."

"आणि लक्ष मी देत नाही."

"सॉरी काका. चुकलं माझं."

काकांनी ट्रक कॅन्सल केला आणि बिस्किटांची बशी त्याच्याकडे सरकवली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं संग्रामला वाटलं. काकू अजून त्याचंच कौतुक करत होत्या.

मग तो मुकाट्याने गाडीखाली शिरला. गणपतीतल्या पुलावाचा धुऊन ठेवलेला ॲल्युमिनियमचा ट्रे काकूंनी काढून दिला, त्यात त्याने जास्तीचं तेल उतरवलं, बोल्ट घट्ट केला. प्लग पुसून बसवले. गाडी पहिल्याच किल्लीत सुरू झाली. थोडा वेळ निळा धूर निघाला, मग तोही थांबला.

"वा!" काका म्हणाले. "घे आता जरा मागे."

संग्रामने रिव्हर्स टाकला. ट्रे गाडीखालीच होता.